सुनेचं डोकं

"आज पुन्हा?" सासूबाईंनी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"हो ना, आई. सकाळपासून ठणकतंय तिचं." लेक खिडक्या लावत म्हणाला. "मशीन बंद ठेव आज. आणि तळण नको, वासाने मळमळतं तिला."

"आणि लग्न? तिच्याच पाठच्या बहिणीचं आहे, माझ्या नाही!"

"नाही जात कुणीच. कळवलंय तिकडे."

सासूबाईंनी डोक्याचं फडकं आवळलं. कालच कपड्यांना इस्त्री करून ठेवली होती. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला दांडी मारणारी बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

चाळीस वर्षं त्या पडदे शिवत आल्या होत्या. त्यांचं डोकं काय दुखायचं नाही? फडकं करकचून बांधायचं, उलटी आली तर मोरीत काढायची आणि पुन्हा मशीनवर बसायचं. नवऱ्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आणि ही महाराणी! घरात येऊन दीड वर्ष झालं नाही, तर महिन्यातून चारदा खोलीत अंधार, घरात सामसूम आणि लेक उशाशी.

"नाजूक आहे हो तुमची सून," शेजारीण परवा म्हणाली. "आम्ही तिला बोलवायचंच सोडलं."

ते ऐकून सासूबाई मनातून सुखावल्या होत्या. पण घरी येऊन बघतात तर काय? लेकाच्या ज्या बोटांना सुईत दोरा ओवायला त्यांनी शिकवलं, ती बोटं दुसरीचं कपाळ चेपत होती. वर दाराआडून दोघांचं खुसुखुसु हसणंही ऐकू आलं होतं. ठणकत्या डोक्याची बाई हसते कशी? सोंग होतं नुसतं. एकदा पुरावा हाती लागू दे, लेकाच्या नाकासमोर धरते, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

"आई," आतून सून म्हणाली, "या ना इथे. तुम्ही जवळ असलात की बरं वाटतं."

हे दर वेळचंच. सासूबाई नजर ठेवायला म्हणून जायच्या, "जरा आडव्या व्हा" म्हटल्यावर टेकायच्या आणि कसा कोण जाणे, दोन तास डोळा लागायचा.

"येते बाई. तुझ्या सेवेला मीच तर उरलेय," म्हणत त्या भिंतीला हात लावत आत गेल्या.

लेक बाहेरच थांबला. सून पलंगाच्या कडेला सरकली. "ओल्या घड्या करून आणते. दोन आणते, एक तुम्हालाही."

"मला काय धाड भरलीये!"

सून बाहेर पडली. पाहा, चालतेय कशी ताठ! सासूबाईंनी झटकन तिची उशी उचलली. कादंबरी निघेल, नाहीतर खाऊचा पुडा. निघाली एक बारकी वही. पानोपानी तारखा.

सापडली चोरी! त्यांनी पडदा बोटभर सरकवला. उजेडाची चीर डोळ्यांत सुईसारखी घुसली. तरी डोळे मिचकावत, अक्षराखाली बोट ठेवत त्यांनी आजचं पान लावायला घेतलं. शाळा दुसरीतच सुटलेली. एकेक शब्द जुळवावा लागत होता.

'सकाळी चहा अर्धा ठेवला. फडकं डाव्या बाजूला घट्ट. खिडकीकडे पाठ करून बसल्यात. मोरीत नळ सोडून उलटी केली, आवाज आला. विचारलं तर कबूल करायच्या नाहीत, मशीन चालवत बसतील, वर लग्नाच्या बँडातही येतील. ह्यांना सांगितलं, खिडक्या लावा. बहिणीला फोन केला, ती रडली.

आज माझं डोकं दुखतंय.'