कोरडे तांदूळ

गणू भगताने मंतरलेले तांदूळ तिघांच्या तळहातावर चिमूट चिमूट ठेवले आणि म्हणाला, "चावा. मी बोलेन तवा थुंका."

गावदेवीचे सोन्याचे डोळे परवापासून दिसत नव्हते. परवा गाभाऱ्यात गेलेली माणसं तीनच: देऊळ झाडणारा दामू, गिरजा आणि तिची लेक मनस्वी. म्हणून भगताला मुद्दाम डोळखांबहून आणलं होतं. तिघांपुढे पळसाचं एकेक पान होतं आणि भोवती अख्खा गाव. ज्याचे तांदूळ कोरडे निघतील तो चोर.

मनस्वी मुंबईला क्रिमिनॉलॉजी शिकत होती. याच तांदळांवर तिने निबंध लिहिला होता. तोंड सुकतं ते भीतीने, गुन्ह्याने नव्हे. तो वाचूनच इंग्लंडच्या विद्यापीठाने तिला वर्षभरासाठी बोलावलं होतं. विमान सोमवारचं होतं.

आणि आज सकाळी बॅग भरताना, स्वेटरच्या घडीत, कापसात गुंडाळलेले ते डोळे तिला सापडले होते. कोणी ठेवले, देव जाणे. तिने मुकाट्याने चेन ओढून घेतली. शहापूरच्या पोलीस ठाण्यात नाव गेलं की कसलं इंग्लंड नि कसलं काय!

भगताने खूण केली. दामू थुंकला. पानावर पांढरा भुगा पडला, पिठासारखा कोरडा. गर्दीत कोणीतरी बाह्या सरसावल्या.

"मी नाय घेतलं," दामू खाली बघत म्हणाला.

मनस्वीला ते ठाऊक होतं. ज्याच्यावर आधीच संशय असतो त्याचं तोंड सुकणारच, असं तिनेच तर लिहिलं होतं. उठून एवढं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तिला स्वतःची लाज वाटली, पण ती उठली नाही.

मग गिरजा थुंकली. तिचे तांदूळ पेजेसारखे मऊ, ओले निघाले.

"आता तू," भगत म्हणाला.

मनस्वी थुंकायला गेली तर काही पडेचना. शेवटी तिने बोट घालून काढलं. दामूच्याहून सुकं. सगळा गाव तिच्याकडे वळला. दामूनेही पहिल्यांदा मान वर केली.

गिरजा उठली. लेकीच्या ओठाला चिकटलेला कण तिने पदराने टिपला.

"भितेस कशाला गो मनू? मीच घातलेत तुझ्या ब्यागेत. तिकडं परमुलखात तुझ्यावर नजर ठेवायला कोण हाय?" मग तिने शांतपणे गावाकडे पाहिलं. "चोरी नाय केली मी. देवीला इचारलं. ती बोलली, ने मला, हितं बसून कंटाळले."

भगत थोडा मागे सरकला. "बोलली? तू ऐकलंस?"

"व्हय."

"आवाज कसा व्हता?"

गिरजाला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही.

"मनूचाच."