फाटकाची अट

"या फाटकातून एक जरी तिरडी बाहेर गेली, तर त्याच दिवशी तुमच्या दाराला कुलूप," श्यामसुंदरराव म्हणाले. "गुढीपाडव्यापर्यंत गेली नाही, तर मी स्वतः परवानगीवर सही करीन. मंजूर?"

"मंजूर," कुंदाताई म्हणाल्या.

मुलुंडच्या त्या कॉलनीत रस्त्यावर उघडणारं फाटक एकच होतं. श्यामसुंदरराव सोसायटीचे सेक्रेटरी. शिकवण्या घेऊन राहणाऱ्या विधवा कुंदाताईंना तळमजल्याच्या आपल्या जागेत चार खाटा टाकायच्या होत्या. ज्यांना इस्पितळ 'आता घरी न्या' म्हणून सोडून देतं आणि घरात ज्यांना ठेवायला जागा नसते, त्यांच्यासाठी.

"पण मरणारीच माणसं आणायची म्हणजे कमाल आहे!" पहिल्या मजल्यावरचे नंदकिशोर म्हणाले. "पोरंबाळं खेळतात इथं."

"आमचे हे इस्पितळाच्या व्हरांड्यात गेले," कुंदाताई म्हणाल्या. "येणारे-जाणारे त्यांना ओलांडून जात होते. मी परत तसं होऊ देणार नाही. तुम्ही अटी घाला, मी पाळते. खाटा मात्र टाकणार."

दिवाळीनंतर खाटा आल्या. दारावर पाटी लागली : 'सोबत'.

पैसे कुठून येणार, हा प्रश्न कॉलनीतल्या बायकांनी सोडवला. दर रविवारी त्या घरोघर फिरून रद्दी गोळा करू लागल्या. सगळ्यांत पुढे रत्नप्रभा, म्हणजे श्यामसुंदररावांची बायको.

"तुम्ही विरोध करा की," ती नवऱ्याला म्हणाली. "मी रद्दी गोळा करते. आपलं गॅरेज रिकामंच आहे ना?"

गॅरेजमध्ये सोसायटीच्या घडीच्या खुर्च्या सोडल्या तर काहीच नव्हतं. एक शटर मागच्या गल्लीत उघडायचं, एक दार मागच्या अंगणात. कुंदाताईंचं मागचं दारही त्याच अंगणात होतं. रद्दीला हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. श्यामसुंदररावांनी किल्ली देऊन टाकली. जयवंत रद्दीवाल्याचा टेंपो गल्लीत येऊ लागला.

श्यामसुंदरराव शब्दाला पक्के. 'सोबत'मध्ये त्यांनी पाऊल टाकलं नाही. औषधांचा वास त्यांना सहन होत नसे. लक्ष होतं ते फाटकावर. ऑफिसातून आले की वॉचमनला विचारत, "खंडू, आज?"

"कोन नाय सायेब."

खाटांवरची माणसं बदलत, हे त्यांना खिडकीतून दिसे. "शेवटी घरचेच घेऊन जातात वाटतं," ते नंदकिशोरना म्हणाले. "कोकणातली माणसं. गावाची ओढ असते."

एक म्हातारा तेवढा टिकला. दशरथ. भांडुपला पोराकडे राहणारा जुना गिरणी कामगार, घशाचा कॅन्सर. रोज सकाळी खिडकीत बसून तो सेक्रेटरींची वाट बघायचा आणि उरलेल्या आवाजात ओरडायचा, "काय सायबानू! आजून आसंय हां मी! दाराक कुलूप नको!"

पहिल्यांदा श्यामसुंदररावांना राग आला. मग सवय झाली. पुढे पुढे ते चालण्याचा वेग कमी करू लागले.

घरात एकच गोष्ट त्यांना खटके. रत्नप्रभाचे केस. संध्याकाळी येऊन बघावं, तर कधीही ओले.

"अगं, परवाच न्हायलीस ना? एक दिवस सर्दीने आडवी होशील."

"रद्दीची धूळ असते हो," ती म्हणायची. "चहा टाकू?"

"आणि टेंपो आज पुन्हा? एवढी कसली रद्दी निघते तुमची?"

"लोक वाचतात फार," ती म्हणाली.

पाडव्याच्या आदल्या रविवारी सकाळी सभा भरली. बायकांनी खुर्च्या आधीच पुढच्या अंगणात मांडून ठेवल्या होत्या. रत्नप्रभा मात्र कुठे दिसत नव्हती. दशरथची खिडकी बंद होती. श्यामसुंदररावांनी येताना दोनदा वळून पाहिलं होतं.

"बोला सेक्रेटरी," नंदकिशोर म्हणाले. "कुलूप की सही?"

श्यामसुंदररावांनी खंडूला पुढे बोलावलं. "या फाटकातून तिरडी गेली?"

"येक बी नाय सायेब."

"मग सही," श्यामसुंदरराव म्हणाले. कुजबुज झाली तसा त्यांनी आवाज चढवला. "मी अट घातली, यांनी पाळली. आता कोणी आडवं आलं तर माझ्याशी गाठ आहे. 'सोबत' इथंच राहील."

कुंदाताईंनी मान खाली घातली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अहो, रडता काय? जिंकलात की!"

त्या उठून लगबगीने मागच्या अंगणाकडे गेल्या.

श्यामसुंदररावांना हलकं वाटत होतं. बायकांच्या कामाला आपणही हात लावावा, म्हणून त्यांनी दोन खुर्च्या मिटून बगलेत घेतल्या आणि मागच्या अंगणातून ते गॅरेजकडे निघाले. दार नुसतं लोटलेलं होतं. त्यांनी ते पायाने ढकललं.

दोन्ही भिंतींना रद्दीचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. मधली फरशी सारवल्यासारखी स्वच्छ. तिथे चटईवर, पांढऱ्या कापडाखाली, उघड्या चेहऱ्याने दशरथ झोपला होता. ओठांवर तुळशीचं पान. उशाशी समई, शेजारी रत्नप्रभा. पायांशी त्याचा मुलगा, जयवंत रद्दीवाला आणि कुंदाताई. पलीकडे शटर वर केलेलं, आणि गल्लीत धुऊन काढलेला टेंपो, झेंडूच्या माळा लावलेला.

श्यामसुंदररावांच्या बगलेतल्या खुर्च्या खाली पडल्या.

रत्नप्रभाने पदर खोचला आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"एक खांदा कमी पडतोय. या," ती म्हणाली. "आज बंबात पाणी दोघांपुरतं तापवलंय."