भट्टीच्या तोंडाशी

"फुटलं तर ज्याचं त्याचं!" सुरईवालीने ठणकावून सांगितलं. "उगाच सगळ्यांच्या गळ्यात कशाला?"

सामाईक भट्टीवर काम करणारे सातही जण अंगणात मातीच्या ढिगाभोवती बसले होते. आजवर भट्टीतून निघालेला माल सगळ्यांचा, फूटही सगळ्यांची, वाटणी सारखी. तो नियम मोडायचा की ठेवायचा, हे आज ठरणार होतं. मोडायची सूचना सुरईवालीचीच. तिच्या पातळ, डौलदार सुरयांवरून तिला हे नाव पडलेलं, आणि ते ती तोऱ्यात मिरवायची.

शाळेतून निवृत्त होऊन चाकावर बसलेल्या मास्तरांनी कोळशाने भिंतीवर उभी रेघ मारली. एकीकडे सारख्या वाटणीचे फायदे, दुसरीकडे तोटे.

"तुझा हात मोडला तेव्हा चार महिने तुला पूर्ण वाटा मिळाला. फायद्यात लिहू ना?"

"लिहा की, खुशाल लिहा. आणि पलीकडे हेही लिहा, की हा बडबड्या ओली भांडी भट्टीत ढकलतो, ती फुटतात, आणि वाटा मात्र माझ्याइतकाच उचलतो!"

"अगं, तुम्हाला दिवसभर हसवतो, त्याचं काहीच नाही का?" बडबड्या म्हणाला. सगळे हसले. सुरईवालीसुद्धा हसली, पण मागे हटली नाही.

खरी अडचण बडबड्याची नव्हतीच. सगळ्यात जास्त फूट होती सातांत सर्वात वयस्कर असलेल्या आजोबांची. दर भट्टीला त्यांच्या निम्म्या कुंड्या तडकलेल्या निघायच्या. त्याही कशा, तर जाडजूड, ओबडधोबड. आजोबांची कुंडी म्हणजे घराची भिंत, अशी थट्टा चालायची. नवा नियम झाला की आजोबांना गाशा गुंडाळावा लागणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुरईवालीला वाईट वाटत होतं. माती कशी मळायची हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. पण दया वेगळी आणि न्याय वेगळा, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. सतरा भट्ट्या झाल्या, तिची एक सुरई तडकली नव्हती. हातात कसब आहे तर त्याचं चीज नको का व्हायला?

नवा नियम हवा असणाऱ्यांना मास्तरांनी हात वर करायला सांगितले. पाच हात वर झाले. पाचवा हात आजोबांचा होता.

"आजोबा, तुम्ही?" ती चपापली.

"बोलणं बरोबर आहे तुझं, पोरी. माझं एकच म्हणणं. आजची भट्टी तू लाव."

भट्टी लावायची म्हणजे भांडी आत रचायची. तीस वर्षं ते काम आजोबा एकटे करत आले होते. कंबरेत वाकून त्या राखेत शिरायची दुसऱ्या कुणाला हौस नव्हती. सुरईवालीने पदर खोचला आणि आत शिरली. त्यात काय एवढं!

मागून रचत यायचं. मधोमध आच सारखी लागते, म्हणून आपल्या सुरया तिने तिथे ठेवल्या. बाहेरून हाका सुरू झाल्या.

"माझ्या थाळ्या मागे लाव गं!"

"माझ्या बरण्या तुझ्या सुरयांना लागून!" मास्तर म्हणाले.

"माझं जाळाजवळ नको हं, आधीच सांगून ठेवतो!" हा बडबड्या.

कुणाचं काही चुकत नव्हतं. आता फूट ज्याची त्याची होती. सगळ्यांचं मनासारखं लागलं, आणि शेवटी एक ओळ उरली. अगदी भट्टीच्या तोंडाशी, जिथे लाकडांचा जाळ थेट अंगावर येतो. ती ओळ रिकामी सोडावी, तर जाळ मास्तरांच्या बरण्यांवर जाणार. बरण्या काढाव्यात, तर तिच्या सुरयांवर. कुणीतरी पुढे उभं राहिल्याशिवाय भट्टी पेटवताच येत नव्हती.

तिने डोकं बाहेर काढलं. आजोबा लाकडं निवडत बसले होते.

"आजोबा, इथे कुणाचं ठेवायचात हो तुम्ही?"

"माझंच."

तिने वळून मधल्या ओळीतल्या आपल्या सुरयांकडे पाहिलं. सतरा भट्ट्या. एक तडा नाही. साऱ्या बाजारात सांगत फिरलो आपण! कसब कसलं डोंबलाचं! तिला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

"मग कधी बोलला का नाहीत?"

"इथे आत कुणी आलंच नाही कधी."

तिने तोंड पुसलं आणि तरातरा भिंतीपाशी गेली. "मास्तर, लिहा. तोंडाशी पाळीपाळीने ठेवायचं. तिथे फुटलं तर सगळ्यांचं. आत फुटलं तर ज्याचं त्याचं. आणि बडबड्या, ओलं भांडं आणलंस तर तुझ्याच डोक्यावर ठेवीन."

"हे कुठल्या बाजूला लिहू?" मास्तर गोंधळले.

"रेघेवर लिहा!"

या वेळी हात मोजावे लागले नाहीत. बडबड्याचासुद्धा वर होता.

"पहिली पाळी कुणाची पण?" त्याने विचारलं.

"माझी. विचारतोस काय!"

ती आत शिरली. मधल्या ओळीतल्या सुरया एकेक करून तिने तोंडाशी आणल्या. पहिली ठेवणार, तोच आजोबांनी तिचा हात धरला.

"सुरया नकोत इथे, पोरी. मातीत वाळू घालून जाड कुंड्या करायला शिक. त्याही निम्म्याच टिकतात, पण मागचं सगळं वाचतं." त्यांनी सुरई तिच्या हातातून घेतली आणि सुरईच्या गळ्यावरून अलगद अंगठा फिरवला. "आधी मीही सुरयाच करायचो."