हालचाल पूर्ण

“शर्ट काढा,” डॉक्टर म्हणाले.

माजी सैनिकाने डाव्या हातानेच बटणं सोडवली. उजवी बाही बायकोने हलकेच ओढून काढली. तिच्या कडेवर चौदा महिन्यांची मुलगी होती आणि मुलीचा सगळा जीव डॉक्टरांच्या गळ्यातल्या टेपवर जडला होता.

“नातेवाइकांनी खुर्चीवर बसायचं,” टेबलामागचा कारकून म्हणाला. “मधे बोलायचं नाही. उत्तरं त्यांचे ते देतील.”

ती बसली. त्याच्या भाजल्याचा व्रण उजव्या काखेतून निघून बरगड्यांवर उतरला होता. चकचकीत, आखडलेला, उसवून घाईने पुन्हा शिवल्यासारखा. पहिल्या तपासणीत त्यावर एक ओळ लिहिली गेली होती: फक्त दिसण्यापुरता. आज अपंगत्वाच्या पेन्शनचं अपील होतं. हे फेटाळलं तर पुढे दाद मागायला जागा नाही, हे कारकुनाने दारातच दोनदा ऐकवलं होतं.

सैन्यातून परतल्यावर तो दोन गोदामांत कामाला लागला. दोन्ही ठिकाणी मालाच्या वरच्या फळीपर्यंत हात पोचेना आणि काम सुटलं. म्हणून आठवडाभर ती त्याच्या मागे लागली होती. हात खांद्याच्या रेषेत आला की थांबायचं. ‘एवढाच येतो’ म्हणायचं. पुढे जोर लावायचा नाही.

“दुखणं दाखवायची पण तालीम असते होय?” तो हसला होता.

“जास्तीचं काही दाखवू नका. आहे तेवढंच दाखवा.”

डॉक्टरांनी टेप लावली. “लांबी एकवीस, रुंदी सहा.” कारकुनाने लिहून घेतलं. मग डॉक्टरांनी पेनाच्या मागच्या टोकाने व्रण दाबला. “दुखतं?”

“चालतंय, सर.”

“चालतंय म्हणजे? दुखतं की नाही?”

“विशेष नाही, सर.”

ती खोकली. आई खोकली म्हणून मुलगीही खोकली. कारकुनाने चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं.

“कुठल्या तुकडीत होतात?” डॉक्टरांनी सहज विचारलं.

“पूल बांधणाऱ्या, सर. नदीकाठच्या छावणीत.”

“अरे वा! तिथल्या इस्पितळात मी सहा वर्षं काढली.”

तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. झिजलेल्या चपलांमधल्या टाचा एकमेकींना चिकटल्या होत्या. उघडी छाती पुढे आली होती, हनुवटी वर. ती खुर्चीच्या कडेला सरकली.

“उजवा हात बाजूने वर घ्या.”

हात उठला. खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला. म्हणा, ती मनात म्हणाली. आता म्हणा.

“आणखी,” डॉक्टर म्हणाले. आवाजात दरडावणी नव्हती. आयुष्यभर हुकूम देणाऱ्या माणसाचा तो साधा आवाज होता.

हात पुढे गेला.

“आणखी.”

हात कानाला लागला. काखेतली कातडी ताणून पांढरी पडली, गळ्याची शीर टरारली. चेहऱ्यावर मात्र काही नाही. डॉक्टरांनी कोन मोजायची पट्टी खांद्याला लावली.

“एकशे सत्तर. शाबास! लिहा, हालचाल पूर्ण.”

“साहेब!” ती उठलीच. “घरी नाही हो येत एवढा. खांद्याच्या वर जातच नाही. पोरीला उचलायचं तर आधी खाली बसतात आणि—”

“ताई, मी आत्ता मोजला. तुमच्यादेखत.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून केला त्यांनी.”

“म्हणजे येतो, नाही का?” डॉक्टर त्याच्याकडे वळले. “मी जबरदस्ती केली का?”

“नाही, सर.”

“अहो,” ती म्हणाली. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. डॉक्टर कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेले आणि त्यांनी नळ सोडला.

कारकुनाने आवाज खाली आणला. “वहिनी, मनाला लावून घेऊ नका. रोजचंच आहे हे. बाहेर लंगडत येतात, आत आले की परेड करतात.” त्याने कागद तिच्या नवऱ्यापुढे सरकवला. “इथे सही. चौकटीच्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर कागद परत येतो.”

त्याने कागदाकडे पाहिलं. उजवा हात मांडीशी लोंबत होता. तो उचलायला गेला आणि बोटं नुसती थरथरली. मग त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, दुसऱ्या कुणाची वस्तू उचलावी तसा हात उचलून टेबलावर ठेवला आणि बोटांत पेन अडकवलं.

कारकून बघत होता. तो बघतोय हे तिनेही पाहिलं.

“दिसतंय ना तुम्हाला?” ती म्हणाली. “मग लिहा ना हे.”

“दिसतंय हो. पण डॉक्टर सांगतात तेवढंच मी लिहितो.”

“साहेब, एकदा वळून बघा. एकदाच.”

नळ चालू होता. “पुढचा पाठवा,” डॉक्टर पाठमोरेच म्हणाले.

मनगट डाव्या हाताने दाबून धरत तो एकेक अक्षर काढत गेला. कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यापर्यंत आला, पण कागदावर पडू नये म्हणून त्याने वेळेवर मान वळवली. शेवटचं अक्षर झालं. त्याने कागद तिच्याकडे तिरका केला.

“नीट आलीय ना गं?”