चार आणि सात

कुराचीने चपला काढल्या नाहीत. दाराच्या आतल्या पायरीवर टेकला, मांडीवर वही ठेवली आणि म्हणाला, "तोकूबाई, तुमच्या घरातून शत्रूचं गाणं ऐकू येतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात."

"म्हणणाऱ्याला नाव असेल, तोंड असेल. की नुसते कानच दिलेत देवाने?"

कुराची हसला नाही. दहा घरांच्या गटाचा तो प्रमुख. तांदळाच्या शिध्याची पत्रकं त्याच्याच हातून वाटली जायची, त्यामुळे कोणाच्या बोलण्यावर हसायची गरज त्याला उरली नव्हती. गेल्या महिन्यात टोफूवाल्याच्या बायकोविषयी त्याने अशीच एक ओळ वहीत लिहिली. बाई बारा दिवसांनी चौकीतून परत आली ती एका कानाने बहिरी होऊन.

तोकूच्या मागे तिची सून फुसाए गुडघे मोडून बसली होती. मान खाली, सुनेने घालावी तशी.

"वाजवते ही, नाही कशाला म्हणू?" तोकू म्हणाली. "माझ्या माणसाने केलेलं वाद्य आहे. कळा दाबून नखीने तारा छेडायचे कोतो या ओसूच्या गल्लीत ढिगाने झाले. कळा दाबून गजाने वाजवायचा एकट्या आमच्या माणसाने केला. नऊ केले, तीन खपले. डोकंच तसलं. आता मुलगा लढाईवर आहे, सून दुपारची घटकाभर लढाईची गाणी वाजवते. त्यात कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही."

"लढाईचीच, हे कशावरून?"

इथे तिने गप्प बसायला हवं होतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाला गप्प बसायचं सुचत नाही.

"कळांवर सुरांचे आकडे आहेत. मी शाळेत तीन वर्षं गेले, तेवढे मलाही वाचता येतात. चार आणि सात परक्यांच्या गाण्यांना लागतात, आपल्या गाण्यांना लागत नाहीत. लढाईच्या तर नाहीतच. माझा माणूस म्हणायचा, या दोन कळा मी उगीच बसवतो, त्यांना कोणी शिवत नाही. एक, दोन, तीन बघा, बोटांनी झिजून आकडा गेलाय. चार आणि सात केले त्या दिवशी होते तसे असतील. फुसाए, घेऊन ये."

फुसाए उठली नाही.

"ऐकू येतं ना?"

"आई, तार सैल झालीय त्याची."

"तार कोण बघतंय? कळा बघायच्यात."

शेवटी तोकू स्वतःच उठली. कपाटातून ती लांबट लाकडी पेटी दोन्ही हातांनी काढली, कुराचीच्या पुढ्यात ठेवली आणि वरचं फडकं ओढलं.

चारच्या कळेवर आकडा नव्हता. काळा रंग जाऊन पितळ उघडं पडलं होतं. सातचा अर्धा शिल्लक होता.

"केल्या दिवशी होते तसे," कुराची म्हणाला, आणि त्याने कानामागची पेन्सिल काढली.

तोकूने एकदा कळांकडे बघितलं, एकदा सुनेच्या मानेकडे. तिला आत्ता कळत होतं. तिचा मुलगा केंकिची आंघोळीच्या पिंपात बसून गुणगुणायचा, ते गाणं. बंदरावरच्या परदेशी खलाशांकडून शिकून आला होता. जाताना बायकोला देऊन गेला. मुलाचं गाणं म्हणजे घरचंच, असं तोकू इतके दिवस धरून चालली होती.

"ते मी वाजवते," ती म्हणाली.

"तुम्ही?"

"का, म्हातारीला बोटं नसतात?"

"आत्ताच म्हणालात, सून वाजवते."

"सून लढाईची वाजवते. परकं मी वाजवते. लिहा, शिमोझातो तोकू, वय त्रेसष्ट. जीभ लांब, तेही लिहा."

"वाजवून दाखवा."

तोकूने आयुष्यात कधी गज हातात घेतला नव्हता. मासा चिरायची सुरी धरावी तसा तिने तो मुठीत धरला. पहिल्या ओढीला तार किंचाळली. दुसरीला खरखरली. मग तिने एक कळ दाबली, मग दुसरी.

गाणं आलं. लंगडत, घोगरं, पण आलं. तीन वर्षं रोज दुपारी समोर शिवत बसून तिने सुनेची बोटं कुठून कुठे जातात ते पाहिलं होतं. आपण पाहतोय हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. पहिली ओळ झाली. दुसरीत ती एकदा चुकली, परत मागे गेली, बरोबर कळेवर आली. कपाळावर घाम आला तो तिने पुसला नाही. अशा वाजवणाऱ्या म्हातारीला नेऊन चौकीतले काय करतील, हा विचार तिने बाजूला ठेवला. तिचे दोन्ही कान त्रेसष्ट वर्षं वापरून झाले होते.

तिसऱ्या ओळीपाशी तिने मान वर केली. कुराची तिच्या हातांकडे बघतच नव्हता.

तो फुसाएच्या मांडीकडे बघत होता. फुसाएचे डोळे मिटलेले होते. डाव्या हाताची बोटं किमोनोच्या कापडावर दाबली जात होती, उचलली जात होती, पुन्हा दाबली जात होती. प्रत्येक वेळी सासूच्या एक सूर आधी.

कुराचीने वहीत एक ओळ लिहिली, वही मिटली आणि तो उठला.

"फुसाएबाई," तो हळूच म्हणाला, "अंगात काहीतरी जाड घाला. चौकीत शेगडी नसते."

तोकूने गज थांबवला नाही.