तिसऱ्या रांगेतली साक्ष

"रविवारी दुपारी तुम्ही कुठे होता, फादर?" मठाची प्रमुख मदर सुपीरियर झालेल्या नलिनीने विचारलं.

फादर झालेला हर्षद मान खाली घालून उभा राहिला. नाटकात या प्रश्नाला उत्तरच नव्हतं. एका मुलीने कन्फेशनमध्ये फादरला एकांतात सांगितलेलं गुपित रविवारी दुपारी बाहेर फुटतं, तिचं ठरलेलं लग्न मोडतं आणि मदरचा संशय फादरवर जातो. फादर खरे की खोटे, हे शेवटपर्यंत कळत नाही. भांडुपच्या या हौशी मंडळींनी त्याचे अकरा प्रयोग केले होते. अकराही वेळा नलिनीला मनातून खात्री होती, यानेच केलंय. त्याशिवाय तिच्या आवाजाला धार यायची नाही.

आजचा प्रयोग मात्र सांताक्रूझला, चर्चच्या हॉलमध्ये होता. प्रेक्षक सगळे ख्रिस्ती, पहिल्या रांगेत खरे फादर.

"माझ्या घरी होते," तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेली एक म्हातारी उभी राहिली होती. "जेवायला. मी बोंबील तळले होते."

मागचा एक माणूस म्हणाला, "रेजिना मावशी, गेल्या रविवारी तर तू आमच्याकडे होतीस ना?"

"त्याच्या आदल्या."

"आदल्या रविवारी तुला ताप होता," एका बाईने आठवण करून दिली. बघता बघता अर्धा हॉल रविवार मोजायला लागला.

विंगेतून दिग्दर्शक धम्मपाल हात जोडून खुणावत होता, पुढचं वाक्य घे. पुढचं वाक्य होतं, 'तुमचं मौन हीच तुमची कबुली.' ते आता घ्यायचं कसं? मौन उरलंच नव्हतं.

नलिनीने हर्षदकडे पाहिलं. अकरा प्रयोगांत त्याची बाजू कुणी घेतली नव्हती.

"होतो," तो हळूच म्हणाला. "बोंबील छान झाले होते."

आता नलिनीलाच काहीतरी करणं भाग होतं. ती म्हातारीकडे वळली. "शपथेवर सांगाल?"

म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. "सांगते."

रविवारांची मोजदाद थांबली.

"मग माझीच चूक झाली, फादर," नलिनी म्हणाली. धम्मपालने कपाळाला हात लावला आणि पडदा पाडायला सांगितला.

हॉल रिकामा झाला तरी म्हातारी खुर्चीतच होती. नलिनी तशीच, मदरच्या वेशात, तिच्याशेजारी येऊन बसली.

"आजी, हे नाटक होतं. ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"एवढं कळतं गं मला."

"मग खऱ्या फादरांसमोर खोटी शपथ कशी घेतलीत?"

म्हातारी म्हणाली, "पन्नास वर्षं झाली. आमच्या फादर आंब्रोजना लोकांनी आळ घेऊन असंच उभं करून विचारलं, दुपारी कुठे होता? ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. झगा उतरवून, फादरपण सोडून निघून गेले."

"कुठे होते ते?"

"माझ्या घरी, जेवत. नवरा बोटीवर गेलेला, घरात मी एकटी. म्हणून तेव्हा उठले नाही."