आत्याचा मान

बारशाला पाळण्यावर वाकण्याआधी मृणालने कानामागच्या पिनेवरून डोळ्याची वायर काढून आवाजाची लावली. अपघातात दृष्टी आणि वाचा गेल्यावर बसवलेल्या छोट्या बोर्डाच्या त्या पिनेतून दोन्हींपैकी एकच चालेल एवढाच करंट मिळे. दोन्ही वायरी एकदम जोडल्यात तर पिन जळेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

कुर्र करून तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं, "ओवी." मग पुन्हा डोळ्याची वायर लावून तिने भावाची मुलगी पहिल्यांदाच पाहिली. बाळाच्या गालावर मृणालच्या वारलेल्या आईची खळी होती, हुबेहूब.

"ताई, कुणावर गेलीय गं?" भावाने विचारलं.

सांगायच्या घाईत तिने आवाजाची वायरही पिनेवर टेकवली. पिन चरचरून जळाली आणि सगळीकडे काळोख झाला.

"अगं, सांग ना!"

ती सांगतच होती.